आज न्हाय

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता नंदा मॅडम नदीच्या काठावर उभ्या राहिल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि "आज न्हाय" म्हणाल्या. एकवीस विद्यार्थी जॅकेट घालून, वल्ही घेऊन उभे होते. त्यांनी जॅकेटं काढली. दुसऱ्या सकाळी आम्ही तंबू आवरले आणि सोलापूरला परत निघालो. त्यानंतर कॉलेजचं शिबिर झालं नाही.

मॅडमना जाऊन आता आठ महिने होतील. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. एका वक्त्यांनी त्यांचे गुण सांगितले आणि शेवटी म्हणाले, "एकदा अंदाज चुकला त्यांचा, पण माणूस म्हणून मोठ्या होत्या." लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी कॉलेजचा ग्रंथपाल, सभेत बोलायची मला सवय नाही. पण त्या सकाळी काठावर मी होतो, नोंदवही माझ्या मांडीवर होती, आणि तरी मी गप्प बसलो. म्हणून हे लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण याआधी एकदा घाईत मी अर्धंच बोललो होतो.

नंदा मॅडम आमच्याकडे शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका होत्या. गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, घरी पिढीजात मासेमारी. पोहायला कधी शिकलात असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "चालायला कधी शिकलात ते तुमी सांगा, मग मी सांगते." वर्गात त्या नीट प्रमाण मराठी बोलत. पाण्याजवळ गेल्या किंवा राग आला की गावची भाषा येई. त्यामुळे त्या चिडल्यात की नुसत्याच पाण्याजवळ आहेत, हे नवख्याला कळत नसे.

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस त्या विद्यार्थ्यांना घेऊन गढवालमधल्या एका नदीवर जात. फेसाळ पाण्यातून रबरी राफ्ट वल्हवायचं आठ दिवसांचं शिबिर. सोलापूरसारख्या गावातून हे खूळ निघावं याचं लोकांना हसू यायचं. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथली मुलं हिमनदीच्या पाण्यावर वल्ही मारायला जाणार! मॅडमना त्यात काही विसंगत वाटत नसे. "ज्याला पाणी मोजून मिळतं, त्यालाच ते मोजता येतं," त्या म्हणायच्या.

शिबिराबरोबर एक पुरुष शिक्षक असावा असा कॉलेजचा नियम होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरं कुणी मिळेना, म्हणून मला धाडलं. मी पाण्याला भितो, हे मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं. त्या खूश झाल्या. "बरं झालं. भिणारा माणूस ध्यान देऊन बघतो. तुमी काठावर बसा आणि लिवा."

मी अकरा वर्षं काठावर बसून लिहिलं.

आमची गाडी केमला, मॅडमच्या गावाकडच्या छोट्या स्टेशनला, थांबत नसे. तरी मॅडमचा धाकटा भाऊ दत्तू दर वर्षी केमच्या फलाटावर येऊन उभा राहायचा. गाडी धडधडत जायची, मॅडम दारातून हात हलवायच्या, दत्तू फलाटावरून हात हलवायचा. दोन-तीन सेकंदांची भेट. त्यासाठी तो वीस-पंचवीस किलोमीटर मोटारसायकल मारून यायचा. मी एकदा म्हटलं, फोन करता येतो की. मॅडम म्हणाल्या, "फोनवर तोंड दिसत न्हाय त्याचं." मोबाइलवर आता तोंडही दिसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही जी चूक केली ती सोलापूरचीच माणसं करू शकतात. दुपारी काठालगतच्या गोट्यांच्या पट्ट्यावर स्वयंपाक मांडला. आकाश निरभ्र, ऊन लख्ख. आमच्या डोक्यात ऊन म्हणजे पाणी आटणार. जन्मभर तेच पाहिलेलं. भीमेला पाणी येतं ते ढगांनी, नाहीतर धरणाचे दरवाजे उघडले म्हणून. आणि दरवाजे उघडणार असले की आदल्या दिवशी पेपरात येतं. त्यामुळे निर्धास्तपणे जेवून सगळे सावलीला आडवे झाले. मॅडमसुद्धा. जाग आली तेव्हा तो पट्टा नव्हता. स्टोव्ह, पातेली, कडक भाकरीची पिशवी, शेंगाचटणीचा डबा आणि मॅडमचे बूट नदीने नेले होते. आकाशात तेव्हाही ढगाचा ठिपका नव्हता.

राफ्ट चालवणारे तिथले वीरसिंग नावाचे म्हातारे गृहस्थ हे सगळं वरच्या खडकावरून पाहत होते. ते खाली आले आणि म्हणाले, "मॅडमजी, यहाँ धूप ही बारिश है।"

मॅडम अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, लिवा. पहिल्या पानावर."

त्या दिवसापासून त्या वीरसिंगांच्या शिष्या झाल्या. ही नदी रोज चढते आणि रोज उतरते, हे त्यांनी समजून घेतलं. दिवसभर वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली आमच्यापर्यंत यायला संध्याकाळ होते. पहाटे वर सगळं गोठतं, म्हणून सकाळी पाणी कमी. तेव्हा राफ्ट सोडायच्या त्या सकाळी, आणि दुपारच्या आत काठाला लागायचं. एवढं कळलं की माणसाला वाटतं आपल्याला नदी कळली. मॅडमना तसं कधी वाटलं नाही.

नदीच्या मधोमध एक काळा खडक होता. पाठ गोल, एका टोकाला शिंगासारखा उंचवटा. मुलांनी त्याचं नाव म्हैस ठेवलं. म्हशीची पाठ कोरडी असेल तर राफ्ट सोडायची, पाठीवरून पाणी जायला लागलं की थांबायचं, नुसतं शिंग दिसत असेल तर चहा ठेवायचा. मॅडमनी पोहत जाऊन म्हशीच्या कुशीवर एकाखाली एक चार रेघा मारल्या, पहिली सगळ्यांत खाली, चौथी पाठीलगत. रंग टिकेना, तेव्हा एका विद्यार्थिनीचं लाल नेलपॉलिश घेतलं. ते दोन वर्षं टिकलं. माझं काम दुर्बीण लावून दर अर्ध्या तासाला पाणी कितव्या रेघेवर आहे ते लिहायचं.

"सर, म्हैस कुटं हाय?" काठावरून हाक यायची.

"तिसऱ्या रेघेवर."

"अर्ध्या तासामागं?"

"तिसऱ्याच."

"मंग चढतीया का उतरतीया?"

"कळत नाही."

"कळत न्हाय, असंच लिवा. अंदाज करून लिवू नका. अंदाज मी करीन."

पण म्हशीवर त्यांचा सगळा भरवसा नव्हता. म्हैस आत्ताचं सांगते, पुढचं सांगत नाही, असं त्या म्हणायच्या. रात्री किती थंडी पडली ते त्या सकाळी उठल्याबरोबर विचारत. रात्र ढगाळ आणि उबदार गेली तर वर बर्फ गोठत नाही आणि पहाटे पाणी उतरत नाही. पाण्याचा रंग पाहत: सकाळी हिरवट राखाडी, दुपारी सिमेंट कालवल्यासारखा. आणि वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून मूठ कानाला लावत. तळाशी दगड गडगडत असतील तर त्या लाकडातून ऐकू येतात. मी भीत भीत एकदा ऐकलं. लहानपणी आमच्या गल्लीत पलीकडच्या कारखान्यातले माग चालायचे, भिंतीला कान लावला की जशी खडखड यायची, तशी. मी तसं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "मंग तुमाला नदी कळली. उगा भिताय."

धाडस या शब्दाचा त्यांना संताप यायचा. एका वर्षी स्थानिक पत्रकार मुलाखतीला आला. त्याने कौतुकाने विचारलं, "मॅडम, तुमच्या मते धाडस म्हणजे काय?"

"बोट उलटल्यावर जे करावं लागतं त्याला धाडस म्हणत्यात," मॅडम म्हणाल्या. "माझी उलटत न्हाय. मला काय म्हाईत?"

त्याने दुसऱ्या दिवशी मथळा दिला त्यात धाडसी हाच शब्द होता. मॅडमनी तो अंक विभागातल्या चेंडूंच्या कपाटात खाली अंथरला.

आता त्या सकाळबद्दल.

आदल्या रात्री ढग होते. पाऊस पडला नाही, पण पांघरूण लागलं नाही. मी साडेपाचला दुर्बीण लावली तेव्हा म्हैस तिसऱ्या रेघेवर होती. सहालाही तिसऱ्या, सातलाही. मर्यादा चौथी रेघ. म्हणजे राफ्ट सोडायला हरकत नव्हती. रोज या वेळी म्हैस पहिल्या-दुसऱ्या रेघेपर्यंत उघडी पडायची, तेवढी त्या दिवशी पडली नव्हती, इतकंच. मी ते लिहिलं. नऊच्या सुमारास मॅडमनी वल्हं पाण्यात घालून कानाला लावलं. मग काठाशी वाकून ओंजळभर पाणी घेतलं. त्यात काटक्यांचा बारीक चुरा होता, वर पाणी चढून काठ धुऊ लागलं की येतो तसा. त्यांनी तो बोटांनी चोळला आणि टाकून दिला.

आठ दिवसांतल्या सगळ्यांत मोठ्या टप्प्याचा तो दिवस. सात दिवस मुलं त्यासाठीच राबली होती. रोहन नावाचा मुलगा सगळ्यांच्या पुढे उभा होता. अंगाने दणकट, वल्हवण्यात पहिला, आणि मॅडमचा लाडका.

"आज न्हाय," मॅडम म्हणाल्या.

आधी कुणाला कळलंच नाही. मग रोहन हसला. "मॅडम, चेष्टा करताय व्हय? म्हैस दिसतीय की."

"दिसती की. मी बी बगतीया."

"तिसऱ्या रेघंवर हाय. सर, हाय ना?"

मी मान हलवली.

"पहाटं बी तिथंच हुती," मॅडम म्हणाल्या. "उतरली न्हाय."

"पण चढली बी न्हाय की! मर्यादा चौथी. तुमीच सांगितलीया."

"मीच सांगितलीया. आज न्हाय बी मीच सांगतीया."

एवढ्यात वरच्या अंगाने दुसऱ्या एका कंपनीच्या तीन राफ्ट आल्या. पर्यटक ओरडत होते, हात हलवत होते. त्या म्हशीला वळसा घालून खालच्या खळाळात शिरल्या, उसळल्या आणि पलीकडे सुखरूप निघाल्या. एकवीस जण काठावरून ते पाहत होते. रोहनने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. मग मॅडमकडे वळून म्हणाला, "ते गेले. तुमी घाबरलाय, मॅडम."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "लई घाबरलीया. जॅकेट काढ."

काही मुली रडल्या. एकाने वल्हं आपटलं. मॅडमनी सगळ्यांची जॅकेटं स्वतः मोजून घेतली आणि ती वाळत घातली. कोरडी होती, तरी.

वाचणाऱ्याला आता वाटेल की दुपारी नदीला लोंढा आला, काहीतरी वाहून गेलं, आणि मुलांनी मॅडमचे पाय धरले. तसं काहीही झालं नाही. पाणी रोजच्यासारखं संध्याकाळी चढलं, रोजच्यापेक्षा थोडंसं जास्त. दुसऱ्या कंपनीच्या राफ्ट दुपारीही एकदा गेल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मला हे लिहिणं भाग आहे, कारण हे खरं आहे.

आम्ही सोलापुरात पोचायच्या आधी रोहनचा व्हिडिओ पोचला होता. खाली लिहिलं होतं, "सोलापूरचे वाघ काठावर." पालक आले. एक जण म्हणाले, बाईमाणसाच्या हाती नदी दिली की असंच होणार. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पोरगं शाबूत आलंय न्हवं? मोजून घ्या."

मग समिती बसली. प्राचार्य होते, व्यवस्थापनाचे एक वडीलधारे सदस्य होते. साक्षीला मला बोलावलं होतं. सदस्य वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना शिबिर बंद करायचं नव्हतं, पालकांना तोंड द्यायचं होतं. त्यांनी एक कागद तयार करून आणला होता. त्यावर दोनच वाक्यं होती: त्या दिवशी प्रवाहाचा माझा अंदाज चुकला, पुढे असं होणार नाही.

"एवढी सही करा, मॅडम," ते म्हणाले. "पुढच्या मे महिन्यात शिबिर चालू. विषय संपला."

मॅडमनी कागद वाचला. "चुकला हे कशावरून?"

"दुसऱ्या राफ्ट गेल्या की. काही झालं नाही."

"काय झालं न्हाय म्हणून मी चुकले. आणि चार पोरं बुडाली असती तर मी बरोबर ठरले असते. असंच ना?"

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, शब्दाला शब्द नको. तुमची चूक झाली असेल, असं तुम्हाला एकदाही वाटत नाही का?"

"झाली असंल की. तीस टक्के म्हणा, पन्नास म्हणा. मी कुटं नाकारतीया?" मग त्या थांबल्या आणि वर्गातल्या मराठीत बोलल्या. "पण सर, चुकले असं मी लिहून देणार नाही. पुढच्या वर्षी मी त्याच काठावर उभी असेन. पाण्यात मला काहीतरी दिसेल, जे कुणाला दाखवता येणार नाही. तेव्हा नाही म्हणायला तोंड उघडलं की हा कागद मला आठवेल. आणि मी हो म्हणेन. असं शिबिर मला नको."

सदस्य माझ्याकडे वळले. "ग्रंथपाल, तुमच्या वहीत काय आहे? पाणी मर्यादेच्या आत होतं की बाहेर?"

"आत," मी म्हणालो.

त्यांनी तेवढंच विचारलं होतं. मी तेवढंच सांगितलं. वही माझ्या हातात होती. पहाटे साडेपाचपासूनच्या नोंदी तिच्यात होत्या. पाणी उतरायच्या वेळी उतरलं नव्हतं, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. सदस्यांनी "बस, एवढं पुरे" म्हटलं आणि मी वही मिटली.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "खरं तेच बोललात, सर. वाईट वाटून घेऊ नका." त्या मनापासून बोलल्या. त्यामुळेच ते विसरता येत नाही.

मॅडमनी सही केली नाही. शिबिर बंद करण्याचा ठराव झाला. कारण लिहिलं: प्रमुखांचा चुकीचा निर्णय.

पुढची सहा वर्षं त्यांनी खो-खो आणि व्हॉलीबॉल शिकवलं, तेही जोरात. त्यांनी तयार केलेल्या मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या. शिबिराचा विषय त्यांनी स्वतः कधी काढला नाही. मागून कुणी "आज न्हाय" म्हणून चिडवलं तर त्या वळून म्हणायच्या, "उद्या बघू."

आजार आला तेव्हाही त्यांची रीत बदलली नाही. तरुण डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, आकडे अजून मर्यादेत आहेत."

"मर्यादा राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "मागच्या महिन्यापेक्षा चढलेत का उतरलेत?"

डॉक्टरांनी कागद उलटले. चढले होते. "मंग तसं म्हणा की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट नोंद नीट घेतली गेल्याचं समाधान होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या गावी. दत्तूचा फोन आला, अक्का बोलावतीया म्हणाला. फुगवट्याच्या काठी त्याची केळीची बाग आहे. मॅडम बाजेवर बसल्या होत्या, अंगावर शाल. समोर पाणी सपाट पसरलेलं, मोटारींचे पाइप दूरवर पाण्यात गेलेले. दत्तू दोन पाहुण्यांना होडीने पलीकडच्या काठावर सोडायला निघाला होता. पाहुणे होडीत बसले होते, दत्तूने एक पाय आत टाकला होता.

"दत्तू, थांब रं जरा," मॅडम म्हणाल्या.

"बरं," दत्तू म्हणाला. त्याने पाय बाहेर काढला, होडी ओढून घेतली आणि काठावर बसला.

एक पाहुणा वैतागला. "का वो? काय झालं? पाणी तर गप हाय."

"अक्का थांब म्हणाली," दत्तू म्हणाला.

मी मॅडमना हळूच विचारलं, "काय दिसलं?"

"काय न्हाय. उगा वाटलं." आणि त्या हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.

अर्धा तास गेला. वारा आला नाही, लाट उठली नाही. मॅडमनी मान हलवली, तसा दत्तू उठला आणि पाहुण्यांना घेऊन गेला. वेळ वाया गेल्याची एक रेघही त्याच्या कपाळावर नव्हती. मॅडम त्याची होडी लहान होत जाताना पाहत राहिल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी पाण्यावरची नजर न काढता हात वर केला.

तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

रोहन चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याने तो व्हिडिओ अजून काढलेला नाही. कॉलेजचं शिबिर बंद आहे. ठराव बदललेला नाही आणि आता तो बदलायला कुणाला सवडही नाही. मी गेल्या सोमवारी कार्यालयातून ती फाइल मागून घेतली आणि ठरावाच्या मागे माझा एक कागद लावला. त्यावर माझी सही आहे. त्यात लिहिलं आहे की त्या दिवशी पाणी मर्यादेच्या आत होतं, आणि पहाटे ते उतरलं नव्हतं.